व्हीएनसीची कुळकथा

दूरच्या संगणकाचा पडदा आपल्यासमोर उघडायचा आणि आपल्या माऊसने तो चालवायचा, या सोयीचे आज कितीतरी प्रकार आहेत. त्यातल्या व्हीएनसीचं मूळ इंग्लंडमधल्या केंब्रिजमध्ये सापडतं. अँडी हॉपर आणि हर्मन हाउझर यांनी १९८६ मध्ये तिथे ऑलिव्हेटी कंपनीची संशोधन प्रयोगशाळा उभी केली. आपल्या खोलीत कमी आणि इतरांच्या खोल्यांत जास्त अशी माणसं तिथे होती, आणि माझ्या मते सगळं त्यातून निघालं.

कोण कुठे आहे हे कळावं म्हणून त्यांनी छातीवर लावायचा बिल्ला बनवला. तो दर पंधरा सेकंदांनी अवरक्त किरणांतून आपली ओळख सांगे. माणसाचा ठावठिकाणा कळतोच आहे, तर त्याचं कामही त्याच्यामागे का जाऊ नये? त्यातून ‘टेलिपोर्टिंग’ आलं: दुसऱ्याच्या खोलीत जायचं, आणि आपल्या खिडक्या तिथल्या पडद्यावर बोलावून घ्यायच्या. पण हे युनिक्सवरच्या एक्स विंडो प्रणालीपुरतंच होतं.

पुढे ‘व्हिडिओटाइल’ आली. सपाट पडदा, लिहायला पेन आणि वेगवान नेटवर्कची जोडणी. विचार करायचं काम दुसरीकडचा संगणक करी, ही पाटी फक्त चित्र दाखवी. मग एवढंच करायचं तर खास पाटी हवीच कशाला, कुठल्याही संगणकावर ती सॉफ्टवेअरने होईल! हीच व्हीएनसी. ट्रिस्टन रिचर्डसन, क्वेंटिन स्टॅफर्ड-फ्रेझर, केनेथ वुड आणि हॉपर यांचा त्यावरचा लेख १९९८ च्या सुरुवातीला प्रसिद्ध झाला.

तिच्या पोटातली युक्ती जवळून पाहण्यासारखी आहे. सर्व्हर, म्हणजे दूरचा संगणक, पडद्याचे आयताकृती तुकडे पाठवतो. प्रत्येक तुकड्याआधी बारा बाइट: डावीकडून किती, वरून किती, रुंदी, उंची, आणि रंग कोणत्या पद्धतीने भरलेत. बस. तुम्ही खिडकी ओढून बाजूला नेली तर तिचं चित्र पुन्हा पाठवतच नाहीत. ‘तुझ्याच पडद्यावरचा अमुक जागचा तुकडा इथे लाव’ एवढं सांगायला आणखी चार बाइट पुरतात. शिवाय क्लायंटने, म्हणजे आपल्यासमोरच्या संगणकाने, मागितल्याशिवाय सर्व्हर नवं चित्र देत नाही, त्यामुळे संथ जोडणीवर मधली चित्रं गळतात, पण काही तुंबत नाही. आणि क्लायंटकडे जपून ठेवायचं काहीच नसतं. तार तुटली, आपल्यासमोरचा संगणक बंद पडला, तरी अर्धवट लिहिलेलं वाक्य सर्व्हरवर तसंच उभं असतं. दुसऱ्या गावातून जोडा, कर्सर तिथेच लुकलुकत असतो. इतक्या साध्या रचनेतून एवढी मोठी सोय निघाली, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

प्रयोगशाळेने हे सॉफ्टवेअर सोर्ससकट मोफत देऊन टाकलं, म्हणूनच वंश वाढला. प्रयोगशाळा १९९९ मध्ये एटी अँड टीकडे गेली आणि २००२ मध्ये बंद झाली. तिथल्याच मंडळींनी रिअलव्हीएनसी काढली, आणि टाइट, अल्ट्रा, टायगर या शाखा इतरांनी वाढवल्या.

एक उणीव मात्र जन्मापासूनची आहे. मूळ पद्धतीत पासवर्डची पहिली आठच अक्षरं धरली जातात, आणि दार उघडल्यावर पडदा व टंकलेली अक्षरं नेटवर्कवरून उघडीच जातात. २०११ मध्ये सर्व्हर-क्लायंट संवादाचा हा नियमसंच आरएफसी ६१४३ या इंटरनेटविषयक दस्तऐवजाच्या रूपात प्रसिद्ध झाला, त्यातही ही पद्धत कच्ची असल्याचं स्पष्ट म्हटलं आहे. म्हणून जाणकार सर्व्हरचा ५९०० क्रमांकाचा पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवत नाहीत. सर्व्हरला फक्त स्वतःच्याच यंत्रावरच्या जोडण्या घ्यायला सांगतात, आधी एसएसएचचा कूटबद्ध बोगदा बांधतात, आणि क्लायंट त्या बोगद्यातून आत सोडतात.