चाक, वेदना आणि विजेचा हात

गंगाखेडच्या जनाबाईची कथा आपल्यांपैकीं बहुतेकांनीं लहानपणीं ऐकलेली असते. रात्र सरत आली आहे, दळण संपत नाहीं, हात थकले आहेत. आणि अशा वेळीं प्रत्यक्ष विठ्ठल येऊन जात्याशीं बसतो. माझ्या आजीनें ही कथा मला ज्या रूपांत सांगितली, तींत एक बारकावा होता. देव जनीला "ऊठ, तूं नीज, दळण मी संपवितों" असें म्हणत नाहीं. तो खुंट्यावर तिच्या हाताशेजारीं आपला हात ठेवतो. दळण जनीचेंच राहतें; ओझें मात्र दोघांत वाटलें जातें.

आज ज्या यंत्राविषयीं मला बोलावयाचें आहे, तें या कथेच्या जवळचें आहे असें म्हटलें, तर श्रोत्यांना प्रथम हंसूं येईल. तें यंत्र म्हणजे विजेची सायकल. आणि ज्यांच्यासाठीं मी तिचा विचार करणार आहें ते म्हणजे वर्षानुवर्षें न सुटणाऱ्या वेदनेनें गांठलेले लोक.

मी परभणीचा. शाळेंत असल्यापासून पायगाडीवर वाढलों आणि पन्नाशी उलटेपर्यंत ती सोडली नाहीं. मग कमरेच्या दुखण्यानें मला धरलें आणि पाठोपाठ उजवा गुडघाही कुरकुरूं लागला. तीन महिन्यांहून अधिक काळ टिकणाऱ्या किंवा पुनःपुन्हां उलटणाऱ्या वेदनेला वैद्यकशास्त्र दीर्घकालीन वेदना म्हणतें. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं स्वीकारलेल्या रोगवर्गीकरणांत तिला स्वतंत्र स्थानही मिळालें आहे. परंतु जो ती भोगतो त्याला व्याख्येची गरज नसते. त्याचें जग हळूहळू आकसत जातें. प्रथम स्नेह्याचें घर दूर होतें, मग वाचनालय, मग बाजार. आणि शेवटीं अंगणाचें फाटक हीच सरहद्द होऊन बसते. मुलानें विजेच्या सायकलीची गोष्ट काढली तेव्हां मीं ती झिडकारली. पायगाडीला मोटार लावणें म्हणजे आपला पराभव चारचौघांत मिरविणें, असें मला वाटे. या अभिमानावरचें औषध मला इतिहासांत सांपडलें. म्हणून तो इतिहासच आधीं सांगतों.

पायगाडी ही धडधाकट तरुणांनीं धडधाकट तरुणांसाठीं निर्माण केली, अशी आपली समजूत असते. जर्मनींत न्यूरेंबर्गजवळ आल्टडॉर्फ गांवीं स्टेफान फार्फ्लर नांवाचा एक घड्याळजी होता. त्याचे पाय लुळे होते. त्यानें १६५५ च्या सुमारास स्वतःसाठीं तीन चाकांची गाडी बांधली. हातांनीं दांडा फिरवावा, आणि दांतेरी चाकांच्या योगें पुढचें चाक फिरावें, अशी तिची रचना होती. बसणाऱ्याच्या स्वतःच्या बळावर चालणाऱ्या अगदीं आरंभींच्या गाड्यांत हिची गणना होते. कार्ल ड्राइस यानें आपलें दोन चाकांचें लांकडी यंत्र मानहाइम येथें चालवून दाखविलें तें १८१७ सालीं, म्हणजे दीडशेंहून अधिक वर्षांनंतर. चालूं न शकणाऱ्याची गाडी आधीं आली, चालणाऱ्यांची मागाहून.

१८६० नंतरच्या दशकांत फ्रान्समध्यें गाडीला पायडलें बसलीं. चाकें लांकडाचीं, वर लोखंडी धांव. दगडी रस्त्यांवर त्या गाड्या इतक्या आदळत कीं इंग्लंडांतील लोकांनीं त्यांना 'हाडें खिळखिळीं करणारी' असें नांवच ठेविलें. पुढें छातीएवढ्या उंच चाकाच्या सायकली निघाल्या. त्यांवरून पडणारा बहुधा डोक्यावरच पडे. १८८५ सालीं जॉन केंप स्टार्ले यानें जवळजवळ सारख्या चाकांची, साखळीनें मागचें चाक फिरविणारी 'रोव्हर' काढली, तेव्हां हें भय गेलें. आणि १८८८ सालीं बेलफास्टमधील जॉन बॉइड डनलॉप या पशुवैद्यानें, आपल्या लहान मुलाच्या तिचाकीला बसणारे हिसके कमी व्हावे म्हणून, चाकांवर हवा भरलेली रबरी नळी चढविली. तिची प्रथम थट्टा झाली. पुढच्याच वर्षीं हवेच्या चाकांनीं शर्यती जिंकल्या, आणि हंसणारे गप्प बसले. आज हवेच्या टायरवर बसणाऱ्याला कोणी दुबळा म्हणत नाहीं. शरीराचा त्रास वाचविण्यासाठीं केलेली प्रत्येक सोय आरंभीं लाजिरवाणी वाटली आणि पुढें तीच सायकल म्हणून ओळखली गेली.

विजेचीही हकीगत याहून निराळी नाहीं. पुनःपुन्हां भारतां येणारी शिशाची बॅटरी गास्ताँ प्लांते यानें १८५९ सालीं सिद्ध केली, आणि १८८१ सालीं गुस्ताव त्रुव्हे यानें पॅरिसच्या रस्त्यावर विजेची तिचाकी चालविली. अमेरिकेंतील ऑग्डेन बोल्टन यास १८९५ च्या डिसेंबरांत जें पेटंट मिळालें, त्यांत मोटार मागच्या चाकाच्या तुंब्यांत, म्हणजे हबमध्यें, बसविलेली आहे. आज आपल्या बाजारांतील बहुतेक स्वस्त विजेच्या सायकलींची मोटार नेमकी तेथेंच असते. मग मधलीं शंभर वर्षें ही सायकल होती कोठें? शिशाच्या वजनानें तिला दाबून ठेविलें, आणि तिची जागा पेट्रोलनें घेतली. १९७२ सालीं पुण्याच्या कायनेटिक कंपनीची 'लूना' आली. तिला पायडलें होतीं. परंतु त्यांचें काम मुख्यतः इंजिन सुरू करून देण्याचें. एकदां तें सुरू झालें कीं पाय मोकळे.

जपानच्या यामाहा कंपनीनें १९९३ सालीं निराळी वाट धरली. स्वार पायडलावर किती जोर देतो तें मोजावयाचें, आणि त्याच्या प्रमाणांत मोटारीनें भर घालावयाची; पाय थांबले कीं मोटारही थांबते. येथें दळण स्वाराचेंच राहतें. सोनी कंपनीनें १९९१ सालीं बाजारांत आणलेली लिथियमची बॅटरी पुढें या सायकलींना मिळाली, आणि बोल्टनच्या काळापासून अडून राहिलेला वजनाचा प्रश्नही पुष्कळसा सुटला.

आतां हें सारें परभणीच्या रस्त्यावर आणून पाहूं. आमचा जिल्हा गोदावरी, पूर्णा व दुधना यांच्या खोऱ्यांतील काळ्या मातीचा. ही माती पावसांत फुगते आणि उन्हाळ्यांत आकसून भेगाळते. त्यामुळें रस्त्याचा पायाच वरखालीं होतो व डांबर लाटांसारखें उंचसखल बनतें. ज्या जमिनीनें आम्हांला कापूस आणि ज्वारी दिली, तीच आमच्या मणक्यांना हिसके देते. दुखणाऱ्या कमरेला अंतराहून धक्का अधिक छळतो. म्हणून आमच्याकडे निवडीचा पहिला प्रश्न मोटारीचा नसून चाकाचा आहे. टायर रुंद असावे व त्यांत हवा दगडासारखी ठासूं नये. पुढें धक्के शोषणारा काटा आणि सीटखालीं स्प्रिंग असावी. डनलॉपनें मुलासाठीं जें केलें, तेंच प्रथम आपण आपल्यासाठीं करावें.

दुसरा प्रश्न मोटार केव्हां जागी होते हा. कांहीं सायकलींत पायडलें नुसतीं फिरूं लागलीं कीं ती सुरू होते. कांहींत पायाचा जोर मोजून ती साथ देते. पहिल्या जातींत गुडघ्याला फारसा जोर लावावा लागत नाहीं. पण आरंभीं हिसका बसण्याचा संभव असतो. दुसरींत चाल मऊ असते. मात्र थोडा जोर आपला द्यावाच लागतो. ज्याचा गुडघा दुखतो आणि ज्याची कंबर दुखते, त्या दोघांना एकच सायकल मानवेल असें नाहीं. मीं पहिली सायकल पांच मिनिटें चालवून उतावीळपणानें घेतली. दुसऱ्या दिवशीं सकाळीं कंबरेनें उठूं दिलें नाहीं! ती मुलाला देऊन मीं दुसरी घेतली. तेव्हांपासून माझा नियम झाला आहे: आवडलेली सायकल शक्य तर अर्धा तास आपल्या रोजच्या रस्त्यावर चालवावी, आणि निर्णय दुसऱ्या दिवशींच्या सकाळवर सोडावा. वेदना आपलें मत उशिरां सांगते.

बाकीच्या गोष्टी थोडक्यांत सांगतां येतील. मधली आडवी दांडी नसलेली, जिला आपण लेडीज सायकल म्हणतों, तिच्यावर पाय उंच न उचलतां बसतां येतें. पुरुषांनींही संकोच करूं नये. सीटवर बसून टांच खालच्या पायडलावर ठेवली असतां पाय सरळ व्हावा, इतकी सीट उंच असावी. मग चवड्यानें पायडल मारतांना गुडघ्यांत थोडा बांक राहतो. सीट फार खालीं असली तर गुडघ्याच्या वाटीवर ताण येतो. हँडल इतकें जवळ असावें कीं हात ताणावे लागूं नयेत. अशा सायकलीचें वजन पुष्कळदां २० ते २५ किलो भरतें. ज्याला जिना चढून घर गांठावयाचें आहे, त्यानें निघणारी बॅटरीच पाहावी. ३६ व्होल्ट व १० अँपिअर-अवर म्हणजे ३६० वॉट-अवर. किलोमीटरला सुमारें १२ खर्च धरले तर ३० किलोमीटर. परंतु बेत वीसाचाच करावा. वाटेंत बॅटरी संपली, तर तें सारें वजन दुखऱ्या पायांवर येतें. परभणीच्या वैशाखांत पारा चाळिशीपार जातो. बॅटरी उन्हांत ठेवूं नये आणि फिरून आल्यावर ती निवाल्याखेरीज चार्जिंगला लावूं नये. सपाट वाटांना हबमधली मोटार पुरते. उत्तरेकडे जिंतूरच्या डोंगराळ भागांत मात्र पायडलांपाशीं बसविलेली, गिअरचा उपयोग करून घेणारी मोटार चढावर अधिक कामाची. ज्या सायकलीची मोटार २५० वॉटपेक्षां कमी शक्तीची व वेग ताशीं २५ किलोमीटरच्या आंतला असतो, आणि जी नियमांतील इतर अटी पाळते, ती केंद्रीय नियमांप्रमाणें मोटार वाहन समजली जात नाहीं. तिला परवाना वा नोंदणी लागत नाहीं.

शेवटचा मुद्दा चालविण्याच्या शिस्तीचा. सायकल घेण्यापूर्वीं आपल्या डॉक्टरांना विचारावें. कारण कांहीं दुखण्यांत विश्रांति हाच उपाय असतो. परवानगी मिळाल्यावर अंतर दुखण्याच्या लहरीवर न ठरवितां घड्याळावर ठरवावें. बऱ्या दिवशीं उत्साहानें दुप्पट फिरावयाचें आणि पुढचे चार दिवस अंथरुण धरावयाचें, ही चूक आम्ही सारेच करतों. दहा मिनिटें ठरलीं असलीं तर बऱ्या दिवशींही दहाच. आणि आठवडा निभावला तर एखाददुसरें मिनिट वाढवावें. मोटारीची साथ वाईट दिवशीं वाढवितां येते व बऱ्या दिवशीं कमी करितां येते, हा या यंत्राचा खरा गुण. औषधाच्या मात्रेप्रमाणें श्रमाची मात्रा येथें आपल्या हातांत राहते.

माझी वेदना गेलेली नाहीं. सायकलीनें ती जाईल असें मीं कोणाला सांगणारही नाहीं. परंतु फाटकाची सरहद्द मोडली आहे. सकाळीं ऊन चढण्यापूर्वीं मी वाचनालयापर्यंत जातों, वर्तमानपत्र चाळतों, आणि वाटेंत स्नेह्याच्या ओट्यावर थोडा टेकून परत येतों. परवां त्यानें हंसत विचारलें, "काय हो, आतां मोटारीनें येतां वाटतें?" मीं म्हटलें, "पाय माझेच आहेत. मोटारीनें नुसता खुंट्याला हात लावला आहे." तो गंगाखेडचा, त्याला अधिक सांगावें लागलें नाहीं.