गावचे चॅनेल

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी चाळिशी ओलांडलेल्या माणसाला विचारून पाहा : आपल्या ओळखीचा चेहरा टीव्हीवर पहिल्यांदा कुठे दिसला? मुंबई दूरदर्शनचे किंवा झी-स्टारचे नाव सहसा येत नाही. ‘आपल्या केबलवर’ असे उत्तर मिळते. विसर्जनाची मिरवणूक, जत्रेतल्या कुस्त्या, नगरपालिकेची मतमोजणी, शाळेचे स्नेहसंमेलन, आणि खाली सरकणाऱ्या पट्टीत साड्यांचा सेल आणि कुणाच्या तरी दहाव्याची वेळ. अशी लोकल चॅनेले गावोगाव होती. कोल्हापूरच्या ‘बी न्यूज’सारखी किंवा गोव्याच्या ‘प्रुडंट’सारखी काही मोठी झाली, बाकीची आली तशीच गुपचूप गेली. वृत्तपत्राचा इतिहास लिहिताना संस्थापक, पहिला अंक, अग्रलेख असे काही हाताशी लागते. लोकल चॅनेलच्या बाबतीत हाताशी लागते ती एक वायर.

वायरच का, हे समजायला मात्र थेट १८८५ पर्यंत मागे जावे लागते. त्या वर्षीच्या भारतीय तार कायद्याने तारायंत्रणा उभारण्याचा आणि चालवण्याचा हक्क फक्त सरकारकडे ठेवला. पुढे रेडिओ आला, टीव्ही आला, इंग्रज गेले, तरी हवेतून संदेश पाठवण्याचा मक्ता सरकारचाच राहिला. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झाले, दुसऱ्या वर्षी सिंहगडावर मनोरा उभा राहून पुण्याला चित्र दिसू लागले. मराठी घराला टीव्हीची गोडी लागली ती वरळीच्या त्या केंद्रामुळे, याबद्दल दुमत नाही. पण सोलापूर, परभणी, चिपळूण यांच्या वाट्याला काय आले? १९८२ च्या एशियाडपासून देशभर कमी शक्तीची प्रक्षेपण केंद्रे उभारायला सुरुवात झाली. १९८४ च्या मध्यावर तर काही महिने सरासरी रोज एक केंद्र सुरू होत होते. गावाबाहेरच्या टेकडीवर शंभर वॅटचा प्रक्षेपक, पंधराएक किलोमीटरचा टापू, आणि उपग्रहाकडे तोंड करून बसलेली एक तबकडी. या केंद्रांना स्टुडिओच नव्हता. दिल्लीहून आले ते खाली सोडायचे, एवढेच काम. मनोरा गावचा, पण गावाला त्यातून एक वाक्यही बोलता येत नव्हते. ही केंद्रे उभारताना प्रत्येक जिल्ह्यात एक साधी खोली आणि एक कॅमेरा दिला असता, तर पुढचा सगळा इतिहास वेगळा झाला असता असे मला ठामपणे वाटते.

हे वाटणे हवेतले नाही, कारण असा एक प्रयोग आपल्याच शेजारी झाला होता. अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाच्या मदतीने ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या काळात इस्रोने सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत टीव्ही पोहोचवला. ‘साइट’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या प्रयोगाच्या उभारणीत कोल्हापुरात जन्मलेल्या शास्त्रज्ञ एकनाथ चिटणीसांचा मोठा वाटा होता. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. त्याच सुमारास गुजरातमधल्या खेडा जिल्ह्यात पीज या गावी एक किलोवॅटचा प्रक्षेपक बसला आणि त्यावरून खास त्या जिल्ह्यासाठी, तिथल्या चरोतरी बोलीत कार्यक्रम सुरू झाले. गावागावांत सार्वजनिक टीव्ही संच ठेवलेले. कार्यक्रम करणारी मंडळी खेड्यांत जाऊन शेतमजुरांशी, बायकांशी बोलत आणि त्यांच्याच तोंडून मजुरी, हुंडा, अस्पृश्यता हे विषय पडद्यावर येत. जाहिराती नाहीत, सिनेमाची गाणी नाहीत. १९८४ मध्ये युनेस्कोने या केंद्राला ग्रामीण संज्ञापनाचा पुरस्कार दिला आणि १९८५ मध्ये सरकारने तिथला प्रक्षेपक हलवायला घेतला. लोकांनी विरोध केला, पण ती परंपरा तिथेच तुटली. लोकल चॅनेलच्या वंशावळीत पीजला मी पहिले स्थान देतो, जरी रक्ताचे नाते काहीच नाही. आपल्याकडच्या केबलवाल्याने पीजचे नावही ऐकलेले नव्हते.

त्याचा खरा पूर्वज मुंबईच्या इमारतींत सापडतो. ऐंशीच्या दशकात व्हीसीआर आले, पण किंमत अशी की घरटी एक घेणे शक्य नव्हते. मग कुणीतरी एका खोलीत व्हीसीआर ठेवला, तिथून जिन्याच्या कठड्यावरून, खिडक्यांच्या छज्ज्यांवरून वायर फिरवली आणि महिन्याची वर्गणी घेऊन घरोघर सिनेमा दाखवायला सुरुवात केली. एका इमारतीची वायर शेजारच्या इमारतीच्या गच्चीवर गेली, तिथून रस्त्यापलीकडे. सिनेमावाल्यांनी कोर्ट गाठले. १९८९ मध्ये गरवारे प्लास्टिक्स विरुद्ध टेलिलिंक या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयापुढे मोठा मजेदार प्रश्न आला : आपापल्या घरात बसून सिनेमा पाहणारी माणसे म्हणजे ‘जनता’ की नाही? न्यायालय म्हणाले, आहे. वायरीच्या टोकाला बसलेली ही शेकडो घरे मिळून जनता होते आणि तिला परवानगीशिवाय सिनेमा दाखवणे हा स्वामित्वहक्काचा भंग ठरतो. निकाल केबलवाल्यांच्या विरोधात गेला. पण ही विखुरलेली घरे एक प्रेक्षकवर्ग आहेत, हे या देशात अधिकृतपणे पहिल्यांदा बहुधा तिथेच लिहिले गेले.

जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सुरू झाले, सीएनएनची चित्रे बघायला गच्च्यांवर मोठ्या डिश चढल्या. त्याच वर्षी स्टार आले, ऑक्टोबर १९९२ मध्ये झी. व्हीसीआरची वायर आता उपग्रहाला जोडली गेली आणि ती मुंबई-पुणे सोडून तालुक्यांपर्यंत विजेच्या खांबांवरून, नारळीच्या झाडांवरून धावू लागली.

इथे कंट्रोल रूममध्ये जरा डोकवायला हवे, कारण लोकल चॅनेलचा जन्म नेमका तिथे झाला. बहुतेक वेळा ती केबलवाल्याच्या घराची माडी असे. गच्चीवर दोन-चार डिश, खाली लोखंडी घोडा, घोड्यावर ओळीने रिसीव्हर आणि प्रत्येक रिसीव्हरला जोडलेला एक मॉड्युलेटर. उपग्रहावरून आलेले चित्र मॉड्युलेटरमध्ये शिरायचे आणि ठरावीक आकड्याचे चॅनेल होऊन बाहेर पडायचे. असे सगळे मॉड्युलेटर एका कंबाइनरमध्ये एकत्र येत आणि तिथून एकच जाड वायर गावात निघे, दर काही खांबांनंतर बूस्टरचा जोर घेत. आता त्या घोड्यावर एक मॉड्युलेटर जास्तीचा ठेवला आणि त्याला रिसीव्हरऐवजी व्हीसीआरची पिवळी आणि पांढरी वायर खोचली की काय झाले? एक वाहिनी सुरू झाली. परवाना नाही, मनोरा नाही, इंजिनीअर नाही. काही हजारांचा डबा आणि एक रिकामे बटण, एवढ्यावर टीव्ही केंद्र उभे राहत होते. त्याच वेळी सरकारला साधे प्रक्षेपण केंद्र उभारायला दिल्लीच्या मंजुऱ्या लागत होत्या.

पहिल्यांदा त्या बटणावर फक्त सिनेमे लागत. दुपारी एक, रात्री एक, आणि बायकांच्या फर्माईशी फोनवर. दोन सिनेमांच्या मधल्या रिकाम्या वेळात दुकानदारांच्या पाट्या आल्या : हाताने रंगवलेला बोर्ड कॅमेऱ्यासमोर धरायचा आणि वाचून दाखवायचा. लग्नांचे शूटिंग करणारा फोटोग्राफर गावात होताच, खांद्यावर पॅनासोनिकचा एम-९००० घेऊन. त्याने गणपतीची मिरवणूक टिपली आणि त्याच रात्री ती केबलवर लागली. कॅसेट मोटरसायकलवरून माडीवर पोहोचवली जायची. मिरवणुकीत नाचलेला प्रत्येक पोरगा घरी जाऊन टीव्हीसमोर बसला आणि केबलवाल्याच्या ध्यानात आले की लोकांना सिनेमापेक्षाही हे हवे आहे. मग बातम्या आल्या. टेबलावर निळी चादर, मागे पडदा, शाळेत वक्तृत्व स्पर्धा गाजवलेली एखादी मुलगी किंवा स्थानिक साप्ताहिकाचा वार्ताहर. पाणी कधी येणार, कुठल्या वॉर्डात कचरा उचललेला नाही, बाजार समितीत कांद्याला काय दर निघाला. नगराध्यक्षाला प्रश्न विचारला जाताना त्याच्या चेहऱ्यावर काय उमटते, हे गाव पहिल्यांदाच बघत होते. छापील बातमीत तो चेहरा दिसत नसे.

कायदा या सगळ्याच्या मागून धापा टाकत आला. १९९३ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाने केबलजाळ्यांनाही तार कायद्याचा परवाना लागतो असे म्हटले आणि सरकारला हालचाल करणे भाग पडले. आधी अध्यादेश, मग १९९५ चा केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायदा. नोंदणी कुठे करायची, तर मुख्य पोस्ट ऑफिसात. जिथे मनिऑर्डरी जायच्या त्याच खिडकीपलीकडे हेड पोस्टमास्तरकडे अर्ज द्यायचा, ठरलेले शुल्क भरायचे, दूरदर्शन दाखवायचे, कार्यक्रमसंहिता पाळायची. स्वतःच्या चॅनेलवर बातम्या देऊ नका, असे मात्र त्यात कुठेही नव्हते. त्याच वर्षी ९ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाने क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून निघालेल्या खटल्यात मोठा निर्णय दिला. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती पी. बी. सावंतांचे. प्रसारणलहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचे नियंत्रण समाजातल्या सर्व घटकांचे प्रतिनिधित्व करणाऱ्या स्वतंत्र प्राधिकरणाकडे हवे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. आजही जमिनीवरच्या मनोऱ्यावरून टीव्ही दाखवण्याचा हक्क दूरदर्शनपुरताच आहे. रेडिओचे दार थोडे उघडले, तेही बातम्या वगळून. म्हसवडच्या ‘माणदेशी तरंग वाहिनी’सारखी सामुदायिक रेडिओ केंद्रे गावच्या बोलीत उत्तम काम करतात, पण स्वतःच्या बातम्या देण्याची मुभा त्यांना नाही. म्हणजे जवळपास वीस वर्षे या देशात गावच्या माणसाने गावची बातमी स्वतःच्या आवाजात प्रसारित करण्याची एकच जागा होती, ती म्हणजे माडीवरचा तो जास्तीचा मॉड्युलेटर. सावंतांच्या निकालाचे जे स्वप्न होते ते प्रसारणलहरींवर उतरले नाही, पण काही अंशी वायरीवर उतरले, असे मी मानतो.

याचा अर्थ सगळे स्वच्छ होते असा नाही. शुक्रवारी लागलेला सिनेमा शनिवारी केबलवर चोरून दाखवला जाई. ‘हम आपके हैं कौन’च्या निर्मात्यांनी १९९४ मध्ये व्हिडिओ कॅसेट लवकर बाजारात न आणण्याचे ठरवले ते याच चोरीच्या धास्तीने. हद्दीवरून मारामाऱ्या झाल्या, वायरी कापल्या गेल्या. पुढाऱ्यांनी केबलचा धंदा ताब्यात घेतला आणि निवडणुकीत विरोधी उमेदवाराची सभा पडद्यावरून गायब होऊ लागली. पण हे सारे गावाला कळत होते. कुठले चॅनेल कुणाचे, हे पानटपरीवरही ठाऊक असे आणि लोक त्या हिशेबाने बातमी ऐकत.

मग डिजिटायझेशन आले. २०११ मध्ये कायदा बदलला. मुंबई २०१२ च्या अखेरीस, पुणे, नाशिक, नागपूर, सोलापूर २०१३ मध्ये, उरलेली शहरे आणि खेडी २०१७ पर्यंत टप्प्याटप्प्याने सेट-टॉप बॉक्सवर गेली. चित्र स्वच्छ झाले, चॅनेले शेकड्यांनी वाढली, हिशेबात पारदर्शकता आली. या गोष्टी खऱ्या आहेत. पण डिजिटल हेडएंडला, म्हणजे नव्या कंट्रोल रूमला, एन्कोडर लागतात, सिग्नल कुलूपबंद करणारी यंत्रणा लागते, ग्राहकांची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर लागते. माडीवरच्या माणसाला हा खर्च पेलणारा नव्हता. त्याने मोठ्या शहरातल्या एमएसओकडून, म्हणजे अनेक केबलवाल्यांना सिग्नल पुरवणाऱ्या कंपनीकडून, फायबरवर तयार सिग्नल घेतला आणि स्वतः वायर ओढणारा, वर्गणी गोळा करणारा उरला. कंट्रोल रूम गावातून उठली ती शे-दोनशे किलोमीटर दूर गेली. आता गावच्या चॅनेलला गावात दिसायचे असेल तर आपले चित्र आधी तिकडे पाठवायचे, तिथे जागेचे भाडे मोजायचे, आणि मग ते कुलूपबंद होऊन परत आपल्याच गल्लीत येणार. ज्यांना भाडे परवडले ती चॅनेले टिकली. बाकीची बंद पडली, किंवा मोबाइल घेऊन यूट्यूबवर गेली.

चॅनेल बंद पडण्याचे कारण म्हणून नेहमी मोबाइलकडे बोट दाखवले जाते. मला ते पुरेसे वाटत नाही. लोकल चॅनेलची ताकद कॅमेऱ्यात कधीच नव्हती, ती खोलीची किल्ली गावात असण्यात होती. किल्ली गेली तेव्हाच चॅनेल गेले, मोबाइल नंतर आला. यूट्यूबवरचा गावचा बातमीदार आजही धडपडतो आहे आणि त्यातले कित्येक चांगले काम करतात, पण त्याचा व्हिडिओ कुणाला दिसणार हे गावाबाहेर ठरते. केबलवर बटण दाबले की तो सर्व घरांत एकाच वेळी होता.

नोव्हेंबर २०२२ मध्ये सरकारने या चॅनेलांसाठी पहिल्यांदा वेगळे नियम केले. कायद्याच्या भाषेत त्यांना ‘प्लॅटफॉर्म सेवा’ असे नाव मिळाले. दर चॅनेलमागे एक हजार रुपये नोंदणी, एकूण चॅनेलांच्या पाच टक्क्यांची मर्यादा, स्थानिक बातम्या द्यायच्या तर कंपनी स्थापन करावी लागणार. माडीवरच्या माणसाने कंपनी काढायची म्हणजे सनदी लेखापाल आला, दरवर्षीची विवरणपत्रे आली. याच नियमांत कार्यक्रमांचे रेकॉर्डिंग नव्वद दिवस जपण्याची अट आहे. ती तक्रारींसाठी आहे, इतिहासासाठी नव्हे.

आणि आधीच्या वर्षांचे रेकॉर्डिंग? व्हीएचएसची कॅसेट महाग, म्हणून मिरवणुकीवर मतमोजणी आणि मतमोजणीवर हळदीकुंकू टेप झाले. जे वाचले ते माळ्यावर पोत्यांत आहे, आणि कोकणच्या दमट हवेत टेपला बुरशी धरते. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ पासून चालू आहे. अशा जुन्या वाचनालयांनी साप्ताहिकांच्या फायली सांभाळल्या म्हणून एकोणिसाव्या शतकातले आपले जिल्हे आज आपल्याला वाचता येतात. १९९० ते २०१५ या काळातले जिल्हे बघायचे असतील तर त्या पोत्यांखेरीज काही नाही. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले, चालू स्थितीतले यंत्र दर वर्षी दुर्मीळ होत आहे. नगर वाचनालयांनी एक चालू व्हीसीआर आणि एक संगणक मिळवून आधी आपल्या गावच्या जुन्या केबलवाल्याचे घर गाठावे. माळ्यावरची चिठ्ठ्या नसलेली कॅसेट कुठल्या मिरवणुकीची, हे सांगणारे तेच आहेत, आणि त्यांतले बरेचसे आता सत्तरीकडे झुकले आहेत.