नामाभिधानाचा अधिकार : ‘हरिजन’ ते ‘दलित’ या शब्दप्रवासातील औचित्य आणि अभिव्यक्ती

‘पोलिटिकल करेक्टनेस’ ही संज्ञा भारतीय भाषांमधील चर्चेत आली ती १९९० नंतर, मुख्यतः इंग्रजी वृत्तपत्रांच्या वाटेने. अमेरिकी डाव्या वर्तुळांत १९७० च्या दशकात ही संज्ञा स्वतःच्याच कर्मठपणाची थट्टा करण्यासाठी वापरली जाई. पुढे तेथील विद्यापीठीय वादांत विरोधकांनी ती उचलली आणि ‘शब्दांवरील दडपशाही’ असा तिचा अर्थ रूढ केला. मराठीत तिच्यासाठी ‘राजकीय औचित्य’, ‘राजकीय शुचिता’ असे पर्याय योजले जातात. पर्याय कोणताही घेतला तरी एक गृहीतक त्याच्याबरोबर येतेच. एखाद्या समूहाला कोणत्या शब्दाने संबोधावे हा वाद आपल्याकडे नवा असून तो पश्चिमेकडून आयात झाला आहे, असे ते गृहीतक होय. प्रस्तुत निबंधात या गृहीतकाची तपासणी करावयाची आहे. त्यासाठी अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाला दिल्या गेलेल्या आणि त्याने स्वतः घेतलेल्या नावांचा इतिहास हे उदाहरण घेतले आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी या समाजासाठी अनेक नावे एकाच वेळी प्रचारात होती. जोतीराव फुले यांनी ‘शूद्रातिशूद्र’ ही संज्ञा घडविली होती. विठ्ठल रामजी शिंदे यांनी १९०६ साली मुंबईत स्थापन केलेल्या संस्थेच्या इंग्रजी नावात ‘डिप्रेस्ड क्लासेस’ हा शब्दप्रयोग होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२४ साली ‘बहिष्कृत हितकारिणी सभा’ स्थापन केली आणि १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केले. ‘बहिष्कृत’ हे कर्मणी भूतकाळवाचक धातुसाधित आहे. ते उच्चारताच बहिष्कार कोणी घातला हा प्रश्न उभा राहतो. ‘दलित’ या शब्दाची घडणही तशीच आहे. दळले गेलेले म्हटले की दळणारा आलाच. व्याकरणाच्या पातळीवरच ही नावे कर्त्याचा शोध घ्यावयास लावतात.

‘हरिजन’ या शब्दाची जात वेगळी आहे. महात्मा गांधींनी हा शब्द नरसी मेहतांच्या परंपरेतून घेतला. तो आपल्याला एका अस्पृश्य पत्रलेखकाने सुचविला, असेही त्यांनी म्हटले होते. १९३२ च्या पुणे करारानंतर त्याचा प्रसार झपाट्याने झाला आणि फेब्रुवारी १९३३ मध्ये ‘हरिजन’ हे साप्ताहिक सुरू झाले. हेतू सौजन्याचा होता. अपमानकारक जातिनामांच्या जागी आदरवाचक शब्द यावा, ही इच्छा त्यामागे होती. परंतु या शब्दात दडपणारा कोणीच उरला नाही. समाजव्यवस्थेशी असलेले नाते पुसले गेले आणि ईश्वराशी असलेले नाते पुढे आले. आजच्या परिभाषेत ज्याला ‘राजकीय औचित्य’ म्हणतात, त्याचे भारतातील एक प्रारंभीचे आणि सर्वाधिक यशस्वी उदाहरण म्हणून ‘हरिजन’ या शब्दाकडे पाहता येईल.

या सौजन्याला पहिला ठळक संसदीय विरोध झाला तो मुंबई प्रांताच्या विधानसभेत. जानेवारी १९३८ मध्ये, बाळ गंगाधर खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात, लोकल बोर्ड कायद्यातील दुरुस्तीच्या निमित्ताने अनुसूचित जातींसाठी ‘हरिजन’ हा शब्द कायद्यात घालण्याचा प्रश्न आला. भाऊराव गायकवाड आणि आंबेडकर यांनी त्यास हरकत घेतली. ज्यांना हे नाव द्यावयाचे त्यांनाच ते मान्य नाही, हा त्या हरकतीचा गाभा होता. सभागृहाने ती मानली नाही आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सदस्य सभात्याग करून बाहेर पडले. या प्रसंगाचे महत्त्व असे की येथे अपशब्दाविरुद्ध तक्रार नव्हती. आक्षेप गौरववाचक शब्दाला होता. आदर करावयाचा तर तो कसा, हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, असा प्रश्न १९३८ सालीच विधिमंडळात विचारला गेला होता.

पुढचा इतिहास या प्रश्नाला पुष्टी देणारा आहे. १९८२ साली केंद्रीय गृहमंत्रालयाने जातप्रमाणपत्रांत ‘हरिजन’ हा शब्द लिहू नये, अशी सूचना राज्यांना दिली. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने असे नमूद केले की हा शब्द आता तथाकथित उच्चवर्णीयांकडून अनेकदा अपमान आणि उपहास यांसाठी वापरला जातो. जो शब्द १९३३ साली अपमान मिटविण्यासाठी आला, तोच चौऱ्याऐंशी वर्षांनी अपमानाचे साधन ठरला. शब्द बदलला तरी संबंध बदलले नाहीत, म्हणून जुन्या शब्दाचा मळ नव्या शब्दावर चढला. नुसत्या शब्दशुद्धीच्या मर्यादा यापेक्षा स्पष्टपणे क्वचितच दिसतील.

१९७२ या वर्षी मराठीत याच्या नेमकी उलट दिशा दिसते. त्या वर्षी मुंबईत दलित पँथर ही संघटना उभी राहिली. नाव घेताना अमेरिकेतील ब्लॅक पँथर पक्षाचा आदर्श समोर होता. तेथे ‘नीग्रो’ हा तत्कालीन सभ्य शब्द टाकून ‘ब्लॅक’ हा पूर्वी हिणवणारा शब्द अभिमानाने स्वीकारला गेला होता. पँथरच्या १९७३ च्या जाहीरनाम्याने ‘दलित’ या संज्ञेत अनुसूचित जाती-जमाती, नवबौद्ध, कष्टकरी, भूमिहीन, गरीब शेतकरी आणि स्त्रिया अशा साऱ्या शोषितांना सामावून घेतले. त्याच १९७२ मध्ये नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत विजय तेंडुलकरांनी, आपल्याला न कळलेल्या शब्दांचे अर्थ कवीकडून समजून घेतल्याचे नमूद केले आहे. प्रमाण मराठीच्या मान्यवर लेखकाला आपल्याच शहरातील भाषेसाठी दुभाष्या लागावा, ही घटना पुरेशी बोलकी आहे.

याच वर्षीच्या १५ ऑगस्टला ‘साधना’च्या विशेषांकात राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला. दलित स्त्रीची विटंबना आणि राष्ट्रध्वजाचा अवमान या दोन गुन्ह्यांच्या दंडांची त्यात तुलना होती, आणि ध्वजाविषयीचे उद्गार अनेकांना असह्य वाटले. दुर्गा भागवतांसारख्या लेखिकेनेही निषेध केला. याच दुर्गाबाईंनी १९७५ च्या कऱ्हाड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीच्या विरोधात निर्भयपणे आवाज उठविला, हे विसरता येत नाही. म्हणून या प्रसंगाचा अर्थ व्यक्तिगत विसंगती म्हणून लावणे उथळ ठरेल. लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की ढाले यांनी विचारलेला प्रश्न गावोगावच्या अत्याचारांविषयीचा होता आणि सार्वजनिक चर्चा झाली ती प्रामुख्याने त्यांच्या शब्दांविषयी. औचित्याची मागणी वरूनही येते आणि तिची ताकद तेव्हा अधिक असते. ‘राजकीय औचित्य’ हे केवळ वंचितांनी इतरांवर लादलेले बंधन आहे, हा समज या उदाहरणापुढे टिकत नाही.

आत्मकथनांनी हीच दिशा पुढे नेली. दया पवारांचे ‘बलुतं’ (१९७८), लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ (१९८०), शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ (१९८४), लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (१९८७), किशोर शांताबाई काळे यांचे ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) ही शीर्षके पाहावीत. हिणवणारे वा हीनत्वाची खूण असलेले शब्द येथे मुखपृष्ठावर आले आहेत. या संहितांतील जातिवाचक शिव्या गाळल्या, तर उरेल ती अत्याचाराची साक्ष नसलेली फिर्याद.

मग अपशब्दावर बंधन असूच नये काय? १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याने याचे जे उत्तर दिले आहे ते साहित्याभ्यासकांनीही बारकाईने वाचावे असे आहे. हा कायदा शब्दांची यादी देत नाही. बोलणारा अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असावा, अवमानाचा हेतू असावा, आणि प्रसंग लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी घडलेला असावा, अशा अटी तो घालतो. म्हणजे गुन्हा ठरतो तो वक्ता, श्रोता, हेतू आणि स्थळ यांच्या परस्परसंबंधातून. अकराव्या शतकातील काश्मीरच्या क्षेमेंद्राने औचित्याचा विचार असाच संबंधाच्या अंगाने केला होता. एखादी गोष्ट स्वतःहून उचित वा अनुचित नसते, ती कोठे योजली आहे यावर ते ठरते. मात्र ज्या नाट्यपरंपरेला हे औचित्य अभिप्रेत होते, तिने स्त्रियांना आणि कनिष्ठ मानलेल्या पात्रांना बहुधा प्राकृतच बोलावयास लावले, संस्कृत दिली नाही. औचित्याचा निकष संदर्भसापेक्ष असला तरी संदर्भ ठरविणारी सत्ता तटस्थ नसते, ही जोड त्याला द्यावीच लागते.

खरी अडचण निर्माण होते ती आक्षेप समाजाच्या आतूनच येतो तेव्हा. २००४ साली दिल्लीत भारतीय दलित साहित्य अकादमीच्या कार्यकर्त्यांनी प्रेमचंदांच्या ‘रंगभूमि’ (१९२५) या कादंबरीच्या प्रती जाळल्या. नायक सूरदासाचा उल्लेख वारंवार जातिनामासह येतो, ही तक्रार होती. वर्गात हे नाव मोठ्याने वाचले जाताना त्या जातीच्या विद्यार्थ्यावर काय गुदरते, हा प्रश्न खराच आहे. परंतु त्याचे उत्तर शिक्षकाच्या अध्यापनात आणि समीक्षेत शोधावे लागेल. प्रत जाळल्याने तो प्रश्न विचारण्याचे साधनच नाहीसे होते.

२०१८ सालचा प्रसंग अधिक गुंतागुंतीचा आहे. ‘दलित’ हा शब्द अवमानकारक आहे, असे म्हणणाऱ्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने जूनमध्ये आदेश दिला. त्याला अनुसरून ऑगस्टमध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने खासगी दूरचित्रवाहिन्यांना या शब्दाऐवजी ‘अनुसूचित जाती’ असे म्हणण्याची सूचना केली. विरोध करणाऱ्यांत पँथर चळवळीतून आलेले तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री रामदास आठवलेही होते. दुसरीकडे, ‘दलित’ या शब्दाविषयीची नाराजी आंबेडकरी परंपरेत पूर्वीपासून आहे. खुद्द राजा ढाले यांनी पुढे ‘दलित साहित्य’ ही संज्ञा नाकारून ‘फुले-आंबेडकरी साहित्य’ या नावाचा आग्रह धरला. ‘बौद्ध’ या नावातील आत्मगौरव ‘दलित’मध्ये नाही, हे म्हणणेही दुर्लक्षिण्याजोगे नाही. तथापि ढाले यांचा नकार हा वादातला पक्ष होता आणि मंत्रालयाची सूचना हा वाद मिटविण्याचा प्रयत्न होता. दोहोंत शब्द नाकारला गेला, एवढ्यावरून ती कृती एक ठरत नाही.

या विवेचनावरून तीन कृती वेगळ्या ठेवाव्या लागतात : वरून दिलेले सौजन्याचे नाव, आतून घेतलेले स्वतःचे नाव, आणि अवमानाला कायद्याने घातलेली बंदी. ‘राजकीय औचित्य’ ही संज्ञा तिन्हींना एकाच मापाने मोजते, म्हणून ती विश्लेषणास अपुरी पडते. शासनाने आपल्या दप्तरात घटनेतील संज्ञा वापरावी, यात वावगे काही नाही. दप्तराची भाषा वृत्तपत्रांची, सभेची आणि साहित्याची भाषा व्हावी, अशी अपेक्षा मात्र अभिव्यक्तिस्वातंत्र्याशी विसंगत आहे. १९३८ च्या सभात्यागातून पुढे आलेला संमतीचा निकष आजही सर्वांत भक्कम आहे. फक्त ही संमती एकदाच मिळून कायमची संपत नाही. ती प्रत्येक पिढी नव्याने देते किंवा नाकारते, आणि त्यासाठी नावाविषयीचा वाद खुला राहावा लागतो.