बाहीवरच्या पायऱ्या

बजाजनगर ही वाळूज औद्योगिक वसाहतीच्या आधाराने वाढलेली कामगारवस्ती. बजाज ऑटोचा इथला कारखाना १९८५ मधला. पाळीवर निघालेल्या वडिलांच्या अंगावर कंपनीचा गणवेश, तर शाळेतल्या स्काउट मुलाच्या अंगावर स्कार्फ आणि बाहीवर कापडी पदक. प्रवेश, प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान, राज्य पुरस्कार आणि शेवटी राष्ट्रपती पुरस्कार, अशी त्याची चढण. या पायऱ्या आपल्या मुलांना सहजी मिळाल्या नाहीत, हे मात्र आपण विसरलो आहोत.

बेडन-पॉवेल यांनी १९०७ मध्ये ब्राउनसी बेटावर पहिले शिबिर भरवले आणि १९०८ मध्ये आपली योजना पुस्तकरूपाने मांडली. नवशिका, दुसरा वर्ग, पहिला वर्ग असे तिचे टप्पे होते. परीक्षा होती ती हाताची. दुसऱ्या वर्गासाठी दोनच काड्यांत चूल पेटवायची आणि बचत बँकेत सहा पेन्स शिल्लक दाखवायचे. पहिल्या वर्गाची एक अट तर फार मोलाची होती: स्वतः शिकवून तयार केलेला एक नवशिका बरोबर आणायचा.

१९०९ मध्ये ही चळवळ भारतात आली, ती युरोपीय आणि अँग्लो-इंडियन मुलांपुरती. देशी मुलांना पहिल्याच पायरीवर मज्जाव होता. म्हणून ॲनी बेझंट यांनी मद्रासेत भारतीय मुलांसाठी वेगळी संघटना काढली. तिकडे अलाहाबादला मदनमोहन मालवीय व हृदयनाथ कुंझरू यांचे सेवा समितीचे बालवीर उभे राहिले. १९२१ मध्ये बेडन-पॉवेल भारतात आले, तेव्हा बेझंट यांची संघटना मूळ चळवळीत विलीन झाली; सेवा समिती वेगळीच राहिली. स्वातंत्र्यानंतर ७ नोव्हेंबर १९५० रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स ही एकत्रित संस्था स्थापन झाली. पूर्वी शिडीच्या टोकाला राजाच्या नावाचा ‘किंग्ज स्काउट’ असे. तिथे राष्ट्रपतींचे नाव आले. हा बदल नुसत्या नावाचा नव्हता. ज्यांना दारातच अडवले होते, त्यांच्याच प्रजासत्ताकाचा प्रमुख आता त्यांच्या पदकाला नाव देत होता.

आपल्याकडे या चळवळीत आणखी एक सुंदर शब्द आहे: ‘खरी कमाई’. मुले घरोघरी जाऊन अंगण झाडतात, सायकल पुसतात, भांडी घासतात आणि कामाचे पैसे घेतात. वर्गणी मागायची नाही, काम मागायचे. इंग्लंडमध्ये १९४९ पासून असाच आठवडा पाळला गेला. पण तिथल्या नावात शिलिंग आहे, आपल्या नावात सचोटी. रोजची हजेरी आणि तासांचा हिशेब जाणणाऱ्या कामगारवस्तीला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

आता वरच्या पुरस्कारांना दहावीच्या निकालात सवलतीचे गुण मिळतात. ग्रामीण, कष्टकरी घरातल्या मुलाला त्यांचा आधार होतो, हे मान्यच. पण गुणांसाठी वही भरली आणि काम राहिले, तर पदक उरते, कमाई उरत नाही. अशा वेळी १९०८ ची ती अट पुन्हा घालून पाहावी. पदक मागणाऱ्या मुलाला एवढेच विचारावे: तू कोणाला गाठ मारायला शिकवलीस?