सामी सुतार, सनद आणि सरकारी नोंदपट

विद्यार्थ्यांना घेऊन कार्ल्याच्या लेण्यात गेलो की चैत्यगृहाच्या दर्शनी भागातील एका लहानशा ब्राह्मी लेखापाशी आम्ही थांबतो. धेनुकाकटच्या सामी नावाच्या सुताराने हे प्रवेशद्वार घडविले, एवढाच त्याचा आशय. दुसऱ्या एका लेखात सिंहदत्त नावाच्या गंधिकाच्या, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याच्या, दानाची नोंद आहे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या माणसांची ओळख गाव आणि धंदा एवढ्यावर पुरी होते. सामीला सुतार कोणी ठरविले, हा प्रश्न त्या लेखाला पडलेला नाही. आज वकील, वैद्य किंवा परिचारिका यांच्याबाबतीत मात्र हाच प्रश्न प्रथम विचारला जातो. तो असा अग्रभागी कसा आला, हे मावळच्या निमित्ताने पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

मधल्या काळात या प्रश्नाचे उत्तर वतनसंस्थेने दिले होते. मावळच्या खोऱ्यांत देशमुखापासून सुतार-लोहारापर्यंत प्रत्येकाचे काम जन्माने ठरलेले असे. वतनावरून तंटा झाला तर गोतसभा बसे, साक्षी होत आणि निवाड्याचा महजर लिहिला जाई. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ सालच्या ‘गाव-गाडा’ या ग्रंथात या व्यवस्थेच्या उत्तरकाळाचे जे कठोर परीक्षण आहे, ते साहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहेच. काम चांगले होते की वाईट, याच्याशी बलुत्याच्या हक्काचा संबंध सुटला की काय होते, हे त्यातून दिसते. तरीही एक गोष्ट नाकारता येत नाही. त्या व्यवस्थेत काम करणारा आणि करवून घेणारा परस्परांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखत असत.

‘सनद’ हा शब्द याच जगातला. अरबीत त्याच्या मुळाशी ‘टेकणे, आधार घेणे’ हा भाव आहे. राजसत्तेने वतन दिले की त्याची सनद होई. १८२७ च्या मुंबई इलाख्यातील रेग्युलेशनांनुसार वकिलांनाही सनदा मिळू लागल्या आणि शब्द तोच राहून आशय पालटला. वतनाची सनद वंशाकडे जात असे; वकिलाची सनद त्याच्याबरोबरच संपू लागली. १९६१ च्या ॲडव्होकेट्स ॲक्टनंतर ती देण्याचे काम राज्याच्या बार कौन्सिलकडे गेले. वडगाव मावळच्या न्यायालयातला तरुण वकील आजही ‘सनद मिळाली’ असेच म्हणतो.

या पालटाचे मोल कोणाला सर्वाधिक कळले असेल, तर ते डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना. मावळातील तळेगाव दाभाडे येथे त्यांचा बंगला आहे. १९२३ मध्ये त्यांनी मुंबईत बॅरिस्टर म्हणून व्यवसाय सुरू केला, आणि १९२८ मध्ये, ज्या कायद्यावर महार वतन उभे होते त्या १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक मुंबई कायदेमंडळात मांडले. ते विधेयक तडीस गेले नाही; कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा १९५८ मध्ये आला. पण एकाच माणसाच्या आयुष्यात दोन व्यवस्था समोरासमोर उभ्या राहिलेल्या येथे दिसतात: जन्माने लादलेले काम आणि परीक्षेने मिळविलेला व्यवसाय. परवान्याच्या व्यवस्थेवर टीका करताना हे विसरून चालणार नाही.

वैद्यकात हीच गोष्ट अधिक गुंतागुंतीची झाली. १९१२ च्या बॉम्बे मेडिकल ॲक्टने पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांसाठी कौन्सिल आणि नोंदपट निर्माण केला. वैद्य आणि हकीम त्याबाहेर राहिले. त्यांच्यासाठी १९३८ चा बॉम्बे मेडिकल प्रॅक्टिशनर्स ॲक्ट आला, आणि पदवी नसूनही आधीपासून व्यवसाय करणाऱ्यांसाठी त्यात वेगळी यादी ठेवण्याची तरतूद झाली. परंपरेने आलेले ज्ञान एकदाच, शेवटचे म्हणून, दारातून आत घेतले गेले आणि मग दार लावून घेतले गेले. परिचारिका व सुइणी यांच्या नोंदणीचा कायदा १९३५ चा. नोंदणीकृत मिडवाइफ म्हणजे प्रशिक्षित स्त्री; खेड्यातली सुईण या पटात बसत नव्हती. ज्या हातांनी गावेच्या गावे जन्माला घातली, त्यांची नावे कोणत्याही वहीत नाहीत.

या कौन्सिलांची रचनाही पाहण्याजोगी आहे. सरकारनियुक्त सभासदांबरोबर व्यवसायाने निवडून दिलेले सभासद त्यांत बसण्याची प्रथा आहे. आपल्यातल्या माणसाचे गैरवर्तन आपणच तपासायचे आणि दोषी ठरल्यास त्याचे नाव पटावरून काढायचे. गोतसभा आणि बहिष्कार यांचेच हे नवे रूप नव्हे काय? गोताने गोताला सांभाळून घेण्याचा धोकाही तोच.

शिवाय नोंद कोणाची सक्तीची, हे सत्ताच ठरविते. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापन करून योगाची प्रयोगशाळेत परीक्षा आरंभिली. त्याच गावात आयुर्वेदाचा वैद्य नोंदणीशिवाय व्यवसाय करू शकत नाही, पण योगशिक्षकावर अशी सक्ती नाही. २०१८ मध्ये स्थापन झालेल्या योग प्रमाणन मंडळाचे प्रमाणपत्र ऐच्छिक आहे.

मग नोंदपट हवा की नको? आमच्या मते तो हवा. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि लोणावळा-खंडाळा ही परक्यांची ये-जा असलेली गावे झाली. आजारी पडलेला प्रवासी समोरच्या डॉक्टरच्या तीन पिढ्या ओळखत नसतो. त्याला टेकायला सनदच लागते. परंतु आधार हा टेकणाऱ्यासाठी असतो, पटावरच्यांनी आपसांत वाटून घेण्याचे ते वतन नव्हे. नोंद कोणाची आहे, तक्रार कोठे करावी आणि तिचे पुढे काय झाले, हे सामान्य माणसाला त्याच्या भाषेत कळले पाहिजे.

सामीचे नाव त्याने घडविलेल्या दारापाशीच कोरलेले आहे. काम आणि नाव एकाच ठिकाणी, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर. नोंदपटाकडून आमचे मागणे याहून मोठे नाही.