कायदा शाळेच्या दारापर्यंत

वाचकहो, नागरिकशास्त्राच्या पुस्तकात एक वाक्य हमखास असते : कायदेमंडळ कायदे करते, कार्यकारी मंडळ त्यांची अंमलबजावणी करते आणि न्यायमंडळ न्यायनिवाडा करते. मुले ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. या वाक्याचा खरा अर्थ समजून घ्यायचा असेल तर अमेरिकेतील एका शाळेच्या दाराशी जाऊन उभे राहावे, असे मला वाटते.

इंग्लंडच्या राजाची सत्ता झुगारून दिल्यावर १७८७ साली फिलाडेल्फिया येथे अमेरिकेची राज्यघटना तयार झाली. सारी सत्ता एका हाती जाऊ नये, ही घटनाकारांची मुख्य चिंता होती. म्हणून त्यांनी सत्तेची तीन ठिकाणी वाटणी केली. कायदे करण्याचे काम काँग्रेसकडे, म्हणजे सिनेट व प्रतिनिधिगृह या दोन सभागृहांकडे, अंमलबजावणी राष्ट्राध्यक्षाकडे, न्यायदान न्यायालयांकडे. शिवाय प्रत्येकावर दुसऱ्याचा लगाम ठेवला. काँग्रेसने संमत केलेले विधेयक राष्ट्राध्यक्ष नाकारू शकतो. पण दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी ते पुन्हा संमत केले तर त्याचा नकार चालत नाही. न्यायाधीशांची निवड राष्ट्राध्यक्ष करतो, पण सिनेटची संमती लागते. घटनेशी विसंगत कायदा रद्द ठरविण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १८०३ सालच्या निकालाने प्रस्थापित केला.

मात्र याच घटनेने गुलामगिरी चालू ठेवली होती. यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये ती नष्ट झाली आणि १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीने प्रत्येकाला 'कायद्याचे समान संरक्षण' मिळाले. आपल्या राज्यघटनेच्या कलम १४ मध्येही हेच शब्द आहेत. परंतु १८९६ साली सर्वोच्च न्यायालयानेच 'वेगळे पण समान' हे तत्त्व मान्य केले. दक्षिणेकडील राज्यांत काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या राहिल्या. समान मात्र कधीच झाल्या नाहीत.

अखेर १७ मे १९५४ रोजी न्यायालयाने एकमताने निर्णय दिला : सरकारी शाळांतून वर्णावरून मुलांना वेगळे करणे घटनाविरोधी आहे. निर्णय झाला. पण शाळेचे दार उघडले का? नाही. न्यायालयाजवळ ना फौज असते, ना तिजोरी. त्याच्याजवळ असतो फक्त निकालाचा कागद.

सप्टेंबर १९५७ मध्ये आर्कान्सा राज्यातील लिटल रॉक येथे नऊ काळी मुलेमुली सेंट्रल हायस्कूलमध्ये शिकायला निघाली. राज्याचे गव्हर्नर फॉबस यांनी नॅशनल गार्डचे सैनिक उभे करून त्यांना परत पाठविले. न्यायालयाच्या आदेशाने ते सैनिक हटले, तर बाहेर संतप्त जमाव जमला आणि मुलांना दुपारीच शाळेतून बाहेर काढावे लागले. तेव्हा राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी लष्कर पाठविले. २५ सप्टेंबरला ती नऊ मुले सैनिकांच्या पहाऱ्यात शाळेत गेली. वर्गात बसायला संगिनींचे संरक्षण लागावे, यावरून त्यांच्या धैर्याची कल्पना करा! त्यांच्यापैकी अर्नेस्ट ग्रीन १९५८ साली तेथून उत्तीर्ण झाला.

तरीही लढा संपला नाही. १९५८-५९ चे संपूर्ण वर्ष लिटल रॉकची सरकारी हायस्कुले बंद ठेवण्यात आली. एकेका शाळेपुढे सैन्य किती दिवस उभे करणार? म्हणून तिसऱ्या शाखेने पुढे येणे आवश्यक होते. काँग्रेसने प्रदीर्घ वादानंतर १९६४ साली नागरी हक्क कायदा केला. भेदभाव करणाऱ्या शाळांचे केंद्रीय अनुदान रोखण्याची आणि सरकारने स्वतः खटला भरण्याची तरतूद त्यात होती. त्यानंतरच दक्षिणेतील बदलाला खरा वेग आला.

वाचकहो, आता ते पाठ केलेले वाक्य पुन्हा वाचा. न्यायालयाने हक्क सांगितला, राष्ट्राध्यक्षाने त्याचे रक्षण केले, काँग्रेसने त्याला कायद्याचे बळ दिले. तिघांची पावले एका दिशेने पडायला दहा वर्षे लागली. सत्तेची वाटणी जुलमाला आवर घालते हे खरे. पण एक शाखा थबकली की न्यायही वाटेत अडतो, हेही तितकेच खरे. आणि तिन्ही शाखांना हलविले कोणी? दप्तर घेऊन दाराशी उभ्या राहिलेल्या मुलांनी आणि त्यांना रोज सकाळी धीराने घराबाहेर पाठविणाऱ्या आईबापांनी.