परत बोलावलेल्या गाडीचे कागद

मुदखेडला जुनी गाडी हातोहात घेतली, तर व्यवहार बहुधा बाँडपेपरवर होतो. एका बाजूला ‘लिहून देणार’, दुसऱ्या बाजूला ‘लिहून घेणार’. खाली इंजिन नंबर, चॅसिस नंबर, ठरलेली रक्कम आणि नेहमीचा मजकूर: आजच्या तारखेपर्यंतच्या दंडाची, अपघाताची जबाबदारी देणाऱ्याची, पुढची घेणाऱ्याची. सोबत मालकी बदलाचे फॉर्म २९ आणि ३०, नांदेडच्या आरटीओसाठी. आरसीवर एमएच-२६ आणि गाडी तयार झाल्याचा महिना-वर्ष. ही गाडी कंपनीने दोषामुळे कधी परत बोलावली होती का आणि बोलावली असल्यास दुरुस्ती झाली का, हे विचारणारा रकाना यांपैकी एकाही कागदावर नाही.

मूळ कायद्यातच तो विचार नव्हता. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात गाड्या परत बोलावण्याचे कलमच नव्हते. २०१२ च्या जुलैत वाहन उत्पादकांच्या संघटनेने, म्हणजे सियामने, एक ऐच्छिक संहिता आणली. वर्षभरातच तिची कसोटी लागली. जुलै २०१३ मध्ये जनरल मोटर्स इंडियाने २००५ ते २०१३ या काळातल्या सुमारे १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावल्या. लग्नाचे वऱ्हाड असो की देवदर्शन, मराठवाड्यात भाड्याला सर्रास धावणारी ही गाडी. धुराच्या निकषांत ती बसत नव्हती. केंद्राने नितीन गोकर्ण यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तपासणीला जाणाऱ्या गाड्यांत आधीच पारखून ठेवलेली, कमी धूर सोडणारी इंजिने बसवली जात होती, हे समोर आले. समितीने ही कंपनीने केलेली फसवणूक ठरवली.

इथे दोन कागद शेजारी ठेवून वाचावेत. नव्या गाडीसोबत फॉर्म २२ येतो. गाडी प्रदूषण आणि सुरक्षेच्या मानकांत बसते, अशी ती उत्पादकाची ग्वाही. फॉर्म २१ हा विक्रीचा दाखला, त्यावर सही विक्रेत्याची. टवेरा प्रकरणाने पहिल्या कागदावरचा विश्वास उडाला, पण गिऱ्हाईक ओळखत होता तो दुसऱ्या कागदावर सही करणाऱ्याला. नांदेडच्या शोरूममधल्या माणसाशी त्याचा व्यवहार झालेला, कारखाना गुजरातेतल्या हालोलला. पुढे २०१७ च्या अखेरीस कंपनीने भारतातली विक्रीच थांबवली. टवेरा मात्र हातोहात विकल्या जात धावत राहिल्या. २०१५ मध्ये पुण्याच्या एआरएआय या वाहन-तपासणी संस्थेच्या चाचण्यांनंतर फोक्सवॅगनच्या सुमारे ३ लाख २३ हजार गाड्यांवर हीच वेळ आली.

मोटार वाहन कायद्याचे २०१६ चे दुरुस्ती विधेयक राज्यसभेत अडकून व्यपगत झाले. २०१९ चे मंजूर झाले आणि ९ ऑगस्टला राष्ट्रपतींची संमती मिळाली. त्यातून कलम ११०-अ आले. दोषामुळे पर्यावरणाला, गाडीतल्यांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना धोका असेल तर केंद्र सरकार गाड्या परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते. उत्पादकाने पूर्ण किंमत परत करायची, गाडी बदलून द्यायची किंवा दुरुस्त करायची. कलम कितीही वेळा वाचले तरी हे कर्तव्य सोपवले आहे ते उत्पादकावर. विक्रेत्याचे नाव त्यात नाही.

विक्रेता भेटतो तो कलम १८२-अ मध्ये. सातव्या प्रकरणातील तरतुदींचा भंग करणारी गाडी विकणारा उत्पादक, आयातदार किंवा विक्रेता यांना एक वर्षापर्यंत कैद किंवा गाडीमागे १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही. ११०-अ हे याच सातव्या प्रकरणात बसते. म्हणून दोन्ही कलमे जोडून वाचण्याचा मोह होतो, आणि माझ्या मते तसे वाचायला जागाही आहे. पण लगेच खाली परंतुक आहे: भंग कोणत्या प्रकारचा आहे हे विक्रीच्या वेळी समोरच्याला सांगितले होते, असे सिद्ध केले तर शिक्षा नाही. २०१९ च्याच ग्राहक संरक्षण कायद्याचे कलम ८६ वेगळ्या वाटेने जवळपास तिथेच येते. उत्पादकाने दिलेला धोक्याचा इशारा विक्रेत्याने विकताना पुढे पोचवला नाही आणि त्यामुळेच इजा झाली, तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येऊ शकते. थोडक्यात, आपल्या कायद्यांनी विक्रेत्याला बोलायला लावले आहे. आधी दुरुस्त कर, मगच वीक, असे स्पष्ट शब्दांत कुठेही म्हटलेले नाही. मला हे अपुरे वाटते. ब्रेकमध्ये दोष आहे हे सांगितल्याने ब्रेक लागत नाहीत.

अमेरिकेत नव्या गाडीपुरता तो नियम स्पष्ट आहे: परत बोलावलेली गाडी दुरुस्तीआधी विक्रेत्याने ग्राहकाच्या हाती द्यायची नाही. २०१५ च्या कायद्याने भाड्याने गाड्या देणाऱ्या मोठ्या कंपन्यांनाही तेच बंधन घातले. २००४ मध्ये परत बोलावलेल्या, पण दुरुस्त न केलेल्या भाड्याच्या गाडीत कॅलिफोर्नियात दोन बहिणींचा मृत्यू झाला होता. त्यांच्या आईने त्यासाठी वर्षानुवर्षे लढा दिला. जुन्या गाड्यांचे विक्रेते मात्र तिथल्या संघराज्यीय कायद्यातूनही सुटलेलेच.

आपल्याकडे ११०-अ खालचे नियम १ एप्रिल २०२१ पासून लागू झाले. दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत, आणि गाडी सात वर्षांच्या आतली हवी. ही अट मुदखेडसारख्या ठिकाणी फार जाचते. फुलांचा हा तालुका. तोडलेली फुले वेळेत बाजारात पोचवायची तर टेम्पो लागतोच, आणि ऐपतीत बसणारा टेम्पो बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या हातचा असतो. तो दारात येईपर्यंत सात वर्षे सरलेली असू शकतात.

शेवटचा कागद डिसेंबर २०२२ चा. १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याला आरटीओकडून पाच वर्षांचे प्राधिकारपत्र घ्यावे लागते. ताब्यातली गाडी तो चाचणी, प्रात्यक्षिक, दुरुस्ती, रंगकाम अशा कामांसाठीच रस्त्यावर काढू शकतो. प्रत्येक फेरीचे कारण, चालक, वेळ आणि अंतर इलेक्ट्रॉनिक नोंदवहीत टिपायचे. इतकी बारीक नोंद मागणाऱ्या नियमांत परत बोलावलेल्या गाडीच्या, म्हणजे रिकॉलच्या, दुरुस्तीची नोंद मागितलेली नाही. आणि बाँडवर गाडी लिहून देणारा शेजारचा माणूस तर विक्रेत्याच्या व्याख्येतही येत नाही. अशा वेळी आरसीवरचा चॅसिस नंबर कंपनीला किंवा तिच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला कळवून रिकॉल बाकी आहे का, हे पैसे देण्याआधी घेणाऱ्यालाच विचारावे लागते. मिळालेले उत्तर बाँडमध्ये एका ओळीत लिहून घ्यायला कायद्याची आडकाठी नाही.